ऑइल सीलचं तोंड

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मोटर खाली उतरवली. आण्णांच्या नावेची — नदीपलीकडच्या उसाला जायला वापरायचे, दुरुस्तही स्वतःच करायचे ती. महापुरात बुडाली, तेव्हापासून शेडमध्ये टांगलेली. वरचं इंजिन आष्ट्याच्या मिस्त्रीने सुरू करून दिलं. पंख्याजवळचा नट मी सोडला, तर तेलाऐवजी पांढरं पाणी. ताकासारखं! म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी शाफ्टवरची रबरी कडी, ऑइल सिलं, गेली.

का करतेय हे? हाताला काहीतरी हवं. आण्णा अंथरुणावर; बापाच्या उशाशी नुसतं बसवत नाही.

५ फेब्रुवारी

सिलं निघत नाहीत. रबराचा दगड झालाय. उचकटली तर शाफ्टला ओरखडा पडेल, मग नवी सिलंही गळणार.

आण्णांची कॉट शेडच्या दारात आणली, उन्हाला. त्यांना सांभाळायला येणारी अंबूबाई भरवत होती. ‘आन्ना, माजं नाव काय सांगा.’ ‘उलटं.’ ‘बगा! सासूबी हेच म्हनायची.’

चार महिन्यांपूर्वीच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तेवढा एकच शब्द उरलाय. चहा — उलटं. गोळी — उलटं. मी — उलटं. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, शब्द अडकून राहतो, अर्थ शोधू नका.

६ फेब्रुवारी

निघाली! सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडलं, त्यात स्क्रू पिळला, पक्कडीने ओढत राहिले. एकाला लागून दुसरं होतं. दुसरं अचानक सुटलं, मी मागे आपटले. शाफ्टला ओरखडा नाही.

पण सीलला तोंड असतं. जे अडवायचं, त्याच्याकडे रबराचा ओठ. कुठल्याचं तोंड कुणीकडे होतं — पाहिलंच नाही!

७ फेब्रुवारी

आज काही नाही. शाफ्ट बोटाने फिरवत बसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगलीला बेअरिंगच्या दुकानात तशीच सिलं मिळाली. जास्तीची जोडीही घेतली. दुकानदार म्हणाला, ‘दोन्ही तोंडं तेलाकडं ठेवा. ट्रॅक्टरला तसंच असतंय.’

घरी आले तर दादा पुण्याहून आलेला. कॉटजवळच बसलो. मिरजेत अशा माणसांना ठेवून घेतात, ती जागा तो बघून आलाय. ‘पंधरा तारखेला नेऊ. घर काय, तिथं काय — त्यांना काय कळतंय?’ हळू बोल, म्हणाले. तो हसला. ‘कुणासाठी?’

मग मीच म्हणाले, ‘मलाही आता होत नाही रे. एकदाचे सुटले असते तर —’ वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती.

‘उलटं,’ आण्णा म्हणाले. कुणी वळून पाहिलं नाही.

१० फेब्रुवारी

ग्रीस लावलं, पाइपचा तुकडा ठेवून सिलं हळूहळू ठोकून बसवली, दुकानदार म्हणाला तशी दोन्ही तोंडं तेलाकडे. आण्णा बघत होते. उलटं. उलटं. उलटं! अंबूबाई म्हणाली, ‘आज लय जोरात हायत म्हातारबा.’

पाण्याच्या पिंपात मोटर तासभर चालवली. नट सोडला.

पांढरं.

१२ फेब्रुवारी

काल दिवसभर कशात लक्ष नव्हतं. तोच शब्द.

आज दोन्ही सिलं पुन्हा भोक पाडून काढली. जास्तीची जोडी आण्णांच्या चादरीवर मांडली, मी बसवली होती तशीच — दोन्ही तोंडं एकीकडे. म्हणाले, ‘आता तुम्हीच सांगा.’

‘उलटं.’ डावा हात चादरीतून बाहेर आला. त्यांनी एक सील उलटवलं. पाठीला पाठ लावून ठेवलं. एकाचं तोंड तेलाकडे, दुसऱ्याचं पाण्याकडे.

अंबूबाई हळूच म्हणाली, ‘ताई, हात तर एरवी निस्ताबी हलतोय की त्यांचा.’

दादाचा फोन. गाडी ठरवलीय. थांब, म्हणाले. ‘कशासाठी?’ मी फोन ठेवून सिलं उचलली.

१३ फेब्रुवारी

त्यांनी ठेवली तशी बसवली. पिंपात पुन्हा तासभर. नट सोडला.

तेल स्वच्छ.

आण्णांना कळतं. आणि चार महिने आम्ही सगळं त्यांच्या उशाशी बसून बोललो.