झेंड्याच्या शिवणीतली खूण

न्यूबरी, मॅसॅच्युसेट्स
९ नोव्हेंबर

प्रिय ॲल्डन,

घरी सगळे खुशाल असाल. या मोसमात माझ्या हातून झालं ते असं: जुन्या धर्तीचे हिरव्या पाइनचे दोन झेंडे, खुळखुळ्या सापाचा एक (शेपटीला मणी तेराच, तेरा वसाहतींचे, चौदा नव्हेत), मिरवणुकीच्या काठ्या, आणि ज्यावर हे सगळं कापतो ते ओकचं टेबल. लोकर मीच रंगवली, तागाचा दोरा मीच पिळला. कुणापुढे शिकायला बसलो नाही.

तुला दिलेला लाल झेंडा यात धरलेला नाही. त्याच्या पांढऱ्या कोपऱ्यातला क्रूस मी मुद्दाम गाळला होता, आठवतं? सतराव्या शतकात सालेमकरांनी इंग्लंडच्या राजाच्या झेंड्यातून तो कापला, पोपची खूण नको म्हणून. पण उघडपणे कापला, आणि शिक्षाही भोगली. दिवाणखान्यात लावतो म्हणाला होतास. अजून आहे ना तिथं?

विचारतोय कारण मंगळवारी क्रॉवेल नावाचे जुन्या वस्तूंचे व्यापारी आले. त्यांनी एक लाल झेंडा टेबलावर पसरला.

"तीनशे वर्षांचा आहे, साहेब. माळ्यावर सापडला. एवढी कड नीट करून द्या."

"कुणाच्या माळ्यावर?"

"तुम्ही कडेचं बघा हो! माळ्याचं कशाला?"

बघितली. काठी सरकवायच्या पट्टीच्या आत मी दोऱ्यानं पाइनचं बोंड शिवतो, माझी खूण म्हणून. ती जागा फक्त तुला दाखवली होती. बोंड उसवलेलं. पट्टी पुन्हा शिवलेली, आई घालायची त्याच टाक्यानं, पण उलट्या दिशेनं, डावखुऱ्या हातानं. आपल्यात डावखुरं कोण, ते लिहीत बसत नाही.

"हा झेंडा मी शिवलाय," मी म्हणालो.

गृहस्थ दचकले नाहीत. उलट हसले. "मग तर काम सोपंच झालं की!" आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांचं बोलणं मी ऐकून घेतलं. मग पोलिसांना बोलवू का विचारलं, तेव्हा झेंडा टाकूनच निघाले.

कदाचित तुझ्याकडे चोरी झाली असेल. तसं असेल तर कळव. मी स्वतः येऊन माफी मागेन, झेंडाही आणेन. बोंड परत शिवून ठेवलंय.

उत्तराची वाट बघणारा,
तुझा भाऊ
थॅडियस

ता. क. मी काय नाकारलं तेही तुला ठाऊक असावं: असे आणखी सहा झेंडे, खुणेविना. निम्मे पैसे तुझे ठरलेत, असं ते म्हणाले. एकूण चाळीस हजार डॉलर.