राबातले बैल

बाई, शाळेमागच्या तुमच्या खोलीत आपण दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. आंबेमोहोर होता, शेजारच्या घरून आलेला, त्यात खडे कमी आणि साळी जास्त. मी निवडायचं सोडून तुमच्याकडेच बघत होते, म्हणून तुम्ही माझ्यापुढचं ताट ओढून घेतलंत आणि विचारलंत, "पाचवीला हडप्पा कसं शिकवणार?" मी म्हटलं, वाचून दाखवीन. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर तसंच शिकवायच्या. तुम्ही ताटावरची नजर न काढता म्हणालात, "वाचून दाखवलं की पोरं झोपतात. त्यांना काहीतरी शोधायला लावा. मग बघा."

म्हणून मी लावलं. रिह्याच्या खोऱ्यातली ती शाळा, सत्तरचं दशक संपत आलेलं, तुम्ही मुख्याध्यापिका आणि मी पुण्याहून आलेली हंगामी शिक्षिका. मुलं तुम्हांला थोरल्या बाई म्हणायची आणि मला धाकल्या बाई. मी पुस्तकातलं एक चित्र फळ्यावर मोठं करून काढलं: उत्खननात सापडलेला मातीचा छोटा बैल. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, ह्यो तं बेंदराला पुजायचा बैल हाय! आमी करतोच की." सगळे हसले. मग तीच म्हणाली, "पन आमचा चार दिसांत इरघळतोय. त्यांचा येवढी हजारो वर्सं कसा ऱ्हायला?" उत्तर मला येत होतं, पण मी दिलं नाही. शोधा म्हटलं. काही जण पौडला कुंभाराकडे गेले, काहींनी घरी आज्यांना विचारलं. दोघांनी एक कच्चा बैल बादलीत बुडवला आणि तो किती वेळात बसतो, मग आडवा होतो, मग चिखल होतो, हे वर्गासमोर येऊन सांगितलं. आठवड्याच्या शेवटी पाचवीचा वर्ग एका सुरात सांगत होता, भाजलेला टिकतो. परीक्षा झाली की कुंभाराच्या भट्टीवर जाऊ, असं मी कबूल केलं. इतक्या उशिरापर्यंत पाचवी थांबणार नाही, हे मला कळायला हवं होतं.

शिमगा नुकताच झालेला. खोऱ्यात जागोजागी राब भाजत होते. पुण्यात वाढलेल्या मला तेव्हा राब म्हणजे नुसता धूर वाटायचा. भाताचं रोप जिथे टाकायचं तिथे शेण, पाला, गवत पसरून वर माती लोटायची आणि पेटवायचं, त्यावर वर्षाचा भात अवलंबून, हे मला कोण सांगणार? मुलांना मात्र माती भाजणं म्हटलं की राबच आठवला. त्यांनी बैल केले आणि ओलेच त्या पुढच्या रांगेतल्या मुलीच्या वडिलांच्या राबात खुपसून ठेवले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वर्गातून बोलावता, तर तिचे वडील, आबा, घमेलं घेऊन तुमच्या टेबलापाशी उभे आहेत. घमेल्यात काळी शकलं, एखादं शिंग, एखादा पाय. "थोरल्या बाई, शाळा काडलीया का कुंभारवाडा? राब पेटावला तं फाट फाट आवाज. म्हनलं साप हाय का काय. लोक काठ्या घिऊन पळत आले. बगतोय तं बैल!" बाहेर मुलं तोंडावर हात धरून हसतायत, तेही अर्धे हसतायत, आणि मग एकदम हसायचे थांबतात. "पर त्या पायी पोरांनी सगळा राब उकरला. तिथं रोप न्हाई धरलं तं मी काय लावू?" तुम्ही उठलात. सगळ्यांसमोर, मुलांसमोर, मला म्हणालात, "तुम्हांला पुस्तकातली माती कळते, शेतातली कळत नाही. हे आजपासून बंद." त्या संध्याकाळी तुम्ही, मी आणि अख्ख्या वर्गाने डोक्यावरून शेण-पाला वाहून तो तुकडा पुन्हा रचला. वाटेत तुम्ही माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिलात. शोधायला लावा म्हणणाऱ्या तुम्हीच. वर्ष संपलं तशी माझी नेमणूकही संपली. एसटीत बसताना मी ठरवून टाकलं की तुम्हीच मला नको म्हटलं असणार.

पुढे मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्येच शिकवलं. तीसेक वर्षं, वाचून दाखवत. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही मी आले नाही.

परवा भुकूमला एका वास्तुशांतीला गेले होते. जेवायच्या पंगतीत शेजारची बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. "धाकल्या बाई ना तुमी?" ती पुढच्या रांगेतली मुलगी! आता तिलाही नातवंडं आहेत. मी घाबरत राबाचं विचारलं. ती मोठ्यांदा हसली. "अवो, त्या सालाला तितलं रोप सगळ्यांत चांगलं आलं. दोनदा शेण पडलं की! मग थोरल्या बाई दर सालाला बैल करून घ्यायच्या. आदी चांगलं वाळवायच्या, मग आमच्याच राबात. आबा एक कोपरा सोडायचेच." मी विचारलं, मग मला का काढलं? "काडलं कुटं? तुमच्या जागी कायमचे गुर्जी आले. तुमाला ठेवा म्हनून थोरल्या बाईंनी पौडला किती खेपा घातल्या. आबांसमोर तुमाला बोलल्या नसत्या तं गावानं शाळंत पोरी धाडल्या असत्या का?"

बाई, मी त्या पंगतीत पान तसंच ठेवून बसले. मग मला खूप भूक लागली. दोनदा जिलबी घेतली.

तिच्या आबांनी माळ्यावर टोपलीभर बैल, पहिल्या वर्षीच्या फुटक्या शकलांसकट, जपले होते. जमीन विकली, फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून ती टोपली तिने माझ्या हवाली केली. हे पत्र टाकायला पेटी नाही, तरी वाटणी इथेच लिहून ठेवते, माझ्यामागे माझ्या मुलीला सापडेल. बैलांची जोडी आणि तिची मातीची गाडी त्या पुढच्या रांगेतलीच्या नातवाला. न फुटलेले बाकीचे सगळे आपल्या शाळेला. फुटकी शकलं माझ्या नातीच्या इतिहासाच्या शिक्षिकेला, आणि तिला सांगायचं की आधी हीच वर्गात फिरवा, का फुटली ते मुलांना शोधू दे.

एक बैल मी कोणालाच लिहिला नाही. तो तुम्ही स्वतः केलेला आहे म्हणे, मुलांच्यात मांडी घालून. तो माझ्याजवळ राहील. मात्र मला तो आधी उंदीर वाटला होता.