तुळशीराम फोटो स्टुडिओतल्या रंगांची वाटणी

मी, गुणाबाई तुळशीराम केणे, वय एकसष्ट, धंदा फोटो रंगवणे, राहणार कासार आळी, भिवंडी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असला तरी बुद्धी शाबूत असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर कुणी सांगायला लागण्याआधी हे लिहून ठेवते.

एक. स्टुडिओ, मागची खोली, कॅमेरा आणि एन्लार्जर माझे पुतणे लडकू यांना द्यावे. ते आता रंगीत फोटो काढतात. फिल्म धुवायला मुंबईला जाते, आठ दिवसांनी परत येते. गेल्या साखरपुड्यात नवरीचे नाक निळे आले. "काकी, जरा हात फिरवा ना," म्हणत लडकू तो फोटो माझ्याकडेच घेऊन आले. फिरवला. दुकानाच्या पाटीवर माझे नाव कधी नव्हते. ते त्यांनी लिहावे. अक्षर बारीक चालेल.

दोन. माझे ब्रश, रंगाच्या बाटल्या आणि कापसाच्या काड्या शेजारच्या नूरुद्दीनभाईंची सून साजिदा हिला द्याव्यात. तिचा हात हलका आहे. माझे यजमान म्हणत, "काळे-पांढरे ही कला, रंग म्हणजे तोंडाला फासलेली पावडर." तरी गिऱ्हाईक बिनरंगाचा फोटो क्वचितच नेत असे, हे साजिदाने ध्यानात ठेवावे.

तीन. कपाटात जानकीबाईंचे दोन रंगीत फोटो आहेत. हिरव्या लुगड्यातला अंजूरच्या राघोला आणि जांभळ्यातला त्याचा भाऊ मोरू याला द्यावा. आई गेल्यावर दोघे यजमानांनी काढलेला तिचा एकमेव फोटो रंगवायला घेऊन आले होते.

"आयचं लुगरं हिरवं व्हतं," राघो म्हणाला.

"हिरवं न्हाय, जांभळं! तू घरान कवा व्हतास?"

मी दोन प्रतींवर दोन्ही रंग चढवले. दोघांना एकमेकांचा रंग पटेना, हातघाईवर आले. तेव्हा यजमानांनी डार्करूममधून दोन साध्या प्रती आणून पुढ्यात ठेवल्या. दोघे त्यांवर वाकले. राघो डोळे पुसत म्हणाला, "हीच आय." त्याच प्रती घेऊन गेले. यजमान मला म्हणाले, "बघ, माझ्या फोटोत दोघांचेही खरे आहे." हे वाक्य मी पुढची अकरा वर्षे रोज जेवताना ऐकले. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही, याची नोंद असावी.

चार. यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. निम्म्या भिवंडीचे फोटो काढले, स्वतःचा एकही धड नाही. शेवटी एक निगेटिव्ह सापडली. कधीतरी दिवे तपासायला ते स्टुलावर बसले होते आणि बटण मी दाबले होते. लडकूंकडून मोठी प्रत काढून घेतली. आता कोण अडवणार, म्हणून ब्रश भिजवला. चेहरा झाला नाही तोच सदऱ्यापाशी हात थांबला. आकाशी? पिस्ता? तो सदरा वर्षानुवर्षे मीच धुतला होता. गिऱ्हाइकांना मी ठणकावून विचारत असे, "नीट आठवून सांगा." मला विचारायला कुणी नव्हते. गालांवरचा रंग ओल्या कापसाने पुसून टाकला.

तो फोटो भिंतीवर तसाच राहू द्यावा. साजिदानेही रंगवू नये. त्यावरून ते जिंकले असे कुणी समजू नये. मला रंग आठवला नाही, एवढेच.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून, त्यांच्यादेखत सही केली.

सही: गुणाबाई तुळशीराम केणे

साक्षीदार: १) महादू गोविंद तरे, खारबाव
२) खलील इब्राहिम बुबेरे, भिवंडी

भिवंडी, ता. १४ नोव्हेंबर १९७७