डाव्या स्पीकरमधला श्वास

२ नोव्हेंबर

आलो बुवा एकदाचे! शहरातलं ते चौथ्या मजल्यावरचं खुराडं सुटलं. आता स्वतःचं घर, बाग, बागेत झेंड्याचा खांब, आणि मागच्या कुंपणापलीकडे थेट फ्योर्डपर्यंत, म्हणजे समुद्राच्या खाडीपर्यंत, दलदल. सामान उतरायच्या आधीच मी झेंडा चढवला. बायको, मायकेन, म्हणाली, आधी पलंग जोड, देशभक्ती मग कर. उद्यापासून ती इथल्या शाळेत शिकवायला जाणार आणि मी बाळंतपणाच्या रजेवर. हो, मीच. बापांनाही मिळते आता, आणि मी ती मिशीला पीळ देऊन घेतलीय.

आमची लेक एबा आठ महिन्यांची झाली. रडून झालं की शेवटी एक उचकी देते, रडण्याखाली सही केल्यासारखी.

शेजारची बोदिल नव्या घराचा शकुन म्हणून पाव आणि मीठ घेऊन आली. सत्तरीची, एकटी, आणि जिभेला हाड नाही. परसात उभी बाबागाडी बघून तिनं विचारलं, पोर दुपारची इथं मागं झोपणार का? मी म्हटलं, मग काय घरात? थंडीत बाहेर झोपूनच तर आपण सगळे मोठे झालो. ती म्हणाली, झालो की, पण पुढच्या अंगणात. म्हाताऱ्या माणसांना काहीतरी टोचायचं असतंच.

५ नोव्हेंबर

मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. खिडकीतून बाबागाडी दिसते, म्हणजे काम करता करता पोरीवर नजर. रजा असली तरी हात स्वस्थ बसत नाहीत, ध्वनिसंपादकाची जात. चर्चच्या गाणाऱ्या मंडळींचं रेकॉर्डिंग साफ करून द्यायचं कबूल केलंय.

दुपारी एबाला बाहेर निजवून बसलो, तर डाव्या स्पीकरमधून फुस्... फुस्... असा बारीक आवाज. रेकॉर्डिंग बंद केलं तरी चालूच. एबा उठली तेव्हा थांबला. जुनी वायर असणार, उद्या बदलतो.

७ नोव्हेंबर

वायर बदलली. दुसऱ्या भिंतीतल्या प्लगवर लावून पाहिलं. ड्रायव्हर काढून परत टाकला. मोबाइल स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, वाय-फाय बंद केलं. आवाज आहे तस्सा. हेडफोनमध्ये मात्र काही नाही. शेवटी वैतागून कॉम्प्युटरची वायरच उपटली, नुसता स्पीकर विजेवर ठेवला. तरी फुस्... फुस्... म्हणजे बिचाऱ्या कॉम्प्युटरचा काही दोष नाही, स्पीकर हवेतून काहीतरी पकडतोय. तरुणपणी असल्याच स्पीकरवर टॅक्सीवाल्यांची भांडणं ऐकलीत मी.

आवाज कसला तेही कळलं. झोपलेल्या बाळाचा श्वास आहे. आसपास कोणाकडे तरी जुना बेबी मॉनिटर असणार, बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारा. आमचा नवा आहे, त्याचा आवाज असा उघड्यावर सांडत नाही. कोडं सुटलं म्हणून खूश होऊन कॉफीबरोबर दालचिनीचा एक जास्तीचा रोल खाल्ला.

१० नोव्हेंबर

आज सणाचं बदक भाजलं. बोदिललाही बोलावलं. मी सहज विचारलं, या गल्लीत तान्हं बाळ कोणाचं? ती म्हणाली, तुझंच, दुसरं कुठलं? बाकी आम्ही सगळी पिकली पानं. मग मी श्वासाचं सांगितलं. तिनं काटा खाली ठेवला आणि विचारलं, एकाच पोराचा येतो ना? मायकेन हसली. मला नाही हसू आलं. हिला का बरं पडलीय एवढी?

१३ नोव्हेंबर

आज श्वासाबरोबर एक बाई गुणगुणत होती. शब्द नाहीत, नुसता सूर, अगदी जवळ, ओठ माइकला लावल्यासारखा. मी खिडकीतून पाहिलं. बाबागाडी हळूहळू झुलत होती. वारा नव्हता. धावत गेलो तर कोणी नाही, फक्त बोदिल तिच्या कुंपणाशी उभी, हातात दंताळं. पानं केव्हाच झाडून झालीत, मग दंताळं कशाला? विचारलं तर म्हणाली, लक्ष ठेवतेय.

कोणाचं लक्ष, कोणावर?

१४ नोव्हेंबर

बाबागाडीतली एबाची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली कात्री! शिवणकामाची, जुनी, पोलादी, ही एवढी थोरली. माझ्या पोरीच्या पाठीखाली! डोकं असं फिरलं की तसाच बोदिलकडे गेलो. तिनं नाकारलंही नाही. म्हणाली, पोलाद असलं की दलदलीतली बाई पोराला हात लावत नाही. तिचं स्वतःचं बारकं रडवं आहे, कोणाच्या तरी पोराशी बदलायला टपलीय. बोदिलच्या आईनंही हिच्या गादीखाली असंच ठेवलं होतं म्हणे. मी म्हटलं, बये, पुन्हा माझ्या कुंपणात पाय टाकलास तर पोलिसांना बोलावीन. ती म्हणाली, माझ्यावर राग काढ हवा तेवढा, पण कात्री काढू नकोस. मी ती तिच्यासमोरच दलदलीत भिरकावली.

आता कळलं सगळं. मॉनिटर हिचाच. तीच गाडीपाशी येते, तीच गुणगुणते. एकटेपणानं डोकं फिरलंय म्हातारीचं.

१७ नोव्हेंबर

बोदिलच्या खिडकीचे पडदे बंद. कुंपणाशीही नाही. आणि स्पीकर? गप्प! साधा सूंसुद्धा नाही. म्हटलं नव्हतं मी? रोगाचं मूळ शेजारी होतं. गाण्याचं काम एका बैठकीत संपवलं.

२१ नोव्हेंबर

एबा शहाण्यासारखी वागतेय. रडत नाही. बाहेर निजवली की उठवेपर्यंत झोपते, आणि खाते तर काय! राय धान्याचा काळा पाव, लिव्हरचा लगदा, बटाटे, वाटी चाटून पुसून साफ. मायकेन खूश आहे, म्हणते तुझ्या हाताला गुण आहे, रजा वाढवून घे.

मीही खूश असायला हवं.

२४ नोव्हेंबर

ती बघत राहते. भरवताना, कपडे बदलताना, डोळे न मिटता. आज मी तिच्यासमोर तिचं आवडतं माकडचाळ्याचं तोंड केलं. हसली नाही. मग जरा वेळानं तेच तोंड तिनं मला करून दाखवलं, अगदी हुबेहूब.

२६ नोव्हेंबर

स्पीकर पुन्हा सुरू. पण श्वास नाही आता — रडणं. लांबून, वाऱ्यावरून आल्यासारखं. मी खिडकीशी गेलो, पोर गाडीत गाढ झोपलेली. रडणं चालूच. आणि शेवटी —

उचकी.

माझ्या पोरीचं रडणं मी ओळखणार नाही? हजार पोरांत ओळखीन.

२७ नोव्हेंबर

मायकेनला बसवून ऐकवलं. तिला नुसती खरखर ऐकू येते म्हणे. माझ्याकडे अशी बघत होती, जसा मी बोदिलकडे बघत होतो. म्हणाली, तू दमलायस, उद्या डॉक्टरांशी बोलते. पोर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं.

२९ नोव्हेंबर

स्पीकर लांब वायरला लावून बागेत नेला. घराकडे तोंड केलं की काही नाही. दलदलीकडे वळवला की स्पष्ट. तिकडे आहे ती. थंडीत. माझी एबा तिकडे आहे आणि माझ्या घरात कोण जेवतंय?

बोदिलचं दार ठोठावलं. माफी मागितली, अक्षरशः गयावया केली. तिनं दार फटीएवढंच उघडलं. म्हणाली, आता माझ्या हातात काही नाही रे बाबा. जी आहे तिला जीव लाव, तिलाच वाचव. बाकी काही करू नकोस, त्या बाईशी देवघेव नको. ती शब्द पाळत नाही.

हिचं का ऐकू? हिचं आधी ऐकलं असतं तर —

१ डिसेंबर

रडणं क्षीण झालंय. उचकीला जोर नाही राहिला.

रात्रंदिवस एकच विचार. त्या बाईनं आपलं टाकलं आणि माझं नेलं. मग मी तिचं परत केलं तर?

२ डिसेंबर

मायकेन शाळेत. बाहेर शून्याखाली. दुपारचं झोपायच्या वेळी बाबागाडी दलदलीच्या काठापर्यंत ढकलत नेली. ब्रेक लावला. दुलई काढून घेतली. त्या पोरानं हू की चू केलं नाही. बघत राहिलं.

परत येऊन स्पीकरशी बसलोय. येतंय — रडणं जवळ येतंय. येतंय माझं लेकरू!

गुणगुणणं. आता गाडीपाशीच. कापडाची सळसळ. कोणीतरी मऊ हसलं.

आता शांत. झालं असेल. तिला तिचं मिळालं, मला माझं. जाऊ का? जरा थांबतो, तिला निघून जाऊ दे —

श्वास. एबाचाच. देवा, एबाचाच आहे!

नाही —

दोन. दोन श्वास आहेत. आणि दोन्ही लांब जातायत —

मायकेनची मोटार. आज लवकर कशी? खिडकीतून दिसतेय, दलदलीकडे पळतेय, मागून बोदिल — मायकेन बाबागाडीपाशी पोचली. आत हात घातला. वळून घराकडे बघतेय, तोंड उघडं, आणि तिच्या हातात पोर नाही — मी दलदलीत भिरकावलेली ती कात्री, चिखलानं माखलेली.