सोमवारची दोरी

फ्रीसलंड, सोमवार, मे १९४५

प्रिय आई,

मी बरी आहे, जेवते आहे. तुझा गुडघा कसा आहे?

लढाई संपली म्हणून गाव नाचतंय. मी नेहमीसारखे सोमवारचे कपडे धुतले. तुझ्या जावयाला, डौवेला, जर्मनांनी नेल्यापासून त्याचं पत्र नाही. त्याचे सदरे मात्र दर सोमवारी धुते, स्वच्छच असतात तरी. का ते विचारू नकोस.

तुला एक लिहिलं नव्हतं. दोन वर्षं आमच्या माळ्यावर एक ज्यू मुलगी होती. आली तेव्हा चार वर्षांची. दोरीवरचे कपडे अख्खं गाव मोजतं, म्हणून तिचा फ्रॉक मी चुलीमागे वाळवायचे. तिचं नाव बदलून आम्ही आफके ठेवलं, घरातसुद्धा तेच.

आज तो फ्रॉक पहिल्यांदा बाहेर वाळत घातला. शेजारच्या ट्रीनमावशी कुंपणापाशी आल्या.

"कुणाचा गं हा एवढासा?"

"देबोराचा."

"घाल बाई, उन्हात घाल. दोन वर्षं तिचा खोकला ऐकून न ऐकल्यासारखं करतेय मी."

मुलगी चिमटे घेऊन माझ्याजवळच उभी होती. देबोरा म्हटल्यावर ती रस्त्याकडे बघायला लागली, कोण आलंय म्हणून.

गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
हेंडरीके