दोरीवरची वर्दी

३ जून ९४
सदा गेला. गडचिरोलीला, नक्षल बंदोबस्त. वर मनुष्यबळ पाहिजे म्हणे. चौकीत दोघंच होतो, आता मी एकटा. एस.टी. हलल्यावर सदाची बायको, कमलवहिनी, मागं क्वार्टरात गेल्या, दार लावून घेतलं.

९ जून
सिरसाळ्याच्या बाजारात ड्यूटी, म्हणून चौकीला कुलूप. परत आलो तर किराणावाले विश्वनाथप्पा पायरीवर बसलेले. दुकानाचं मागचं दार फोडलंय.
"सकाळपासनं बसलो हाय. दुसरे जमादार कुठं गेलेत?"
रजेवर, म्हणालो. पंचनाम्याला गेलो तर चौकीला पुन्हा कुलूप.

१४ जून
वहिनींनी सदाची दुसरी वर्दी धुऊन चौकीपुढच्या दोरीवर टाकली. अप्पा लांबून बघून म्हणाले, "आले वाटतं." मी नुसतं हूं केलं. संध्याकाळी वहिनींना म्हणालो, रोज टाकत जा.
"कावून?"
"आत माणूस हाय असं वाटतं लोकांना."
हसल्या.

२ जुलै
एस.टी.डी.वर सदाचा फोन. वर्दीचं सांगितलं. "मग त्या वर्दीचाबी पगार काढ की बे." लई दिवसांनी हसलो. तिकडं शाळा बंद, तलाठी तालुक्यालाच बसतो. अंधार पडला की पोलीसच आत कोंडून घेतात. पुढं बोलणार होता, तेवढ्यात लाईन तुटली.

१९ जुलै
बिनतारीवर निरोप. रस्त्यात सुरुंग. गाडीत सदा होता.
वहिनींना मीच सांगितलं. काय शब्द वापरले, आठवत नाही. वर्दी काढायची राहिली. पावसात भिजली.

२२ जुलै
अंत्यविधी. मोठे साहेब आले, फैरी झाडल्या. मी त्यांच्याकडं सदाच्या जागी माणूस मागितला.
"माणसं कुठून आणू? आहे तसं चालू द्या."
रडू आलं नाही. जेवलो, झोपलो.

३० जुलै
सकाळी वर्दी दोरीवर. धुतलेली, घडीवर इस्त्रीसुद्धा.
"वहिनी, आता नको."
"गावाला कळलंय भाऊजी. बाहेरच्याला कुठं माहीत हाय?"
मी काढली नाही. अप्पा समोरून गेले, मान खाली घालून.

६ ऑगस्ट
माझं नाव आलं. गडचिरोली. परवा निघायचं, चौकीची किल्ली तालुक्याला जमा करायची.
वहिनी म्हणाल्या, "तुमचा एक जोड ठेवून जा. दोरीवर दोन बऱ्या दिसतील."
भीती वाटली. सदाचीही अशीच राहिली होती मागं. जोड पेटीत घातला, परत काढला. सध्या खुर्चीवर आहे.