घाबरली म्हणे!

रविवार, संध्याकाळ

डोकं अजून शांत होत नाही. आज हर्सूलच्या पुढच्या डोंगरावर मी हँगग्लायडर उडवत होते. वारा कड्याला आपटून छान वर उचलत होता. तेवढ्यात समोरून आमच्या क्लबचे देशमुख सर आले. समोरासमोर आलं की ज्याच्या उजवीकडं डोंगर, त्यानं सरळ जायचं, दुसऱ्यानं बाहेर वळायचं. मला हे सरांनीच शिकवलं! डोंगर माझ्या उजवीकडं होता. तरी ते वळलेच नाहीत. शेवटी मीच बाहेर वळले, वर उचलणारा वारा हातचा गेला आणि खाली हरभऱ्याच्या शेतात आदळले. मेंढ्या सोडून एक मावशी धावत आल्या. "लई लागलं का गं पोरी?" कोपर सोललं होतं, एवढंच.

वर आले तर सर सगळ्यांना सांगत होते, "घाबरली ती."

घाबरली? हो, घाबरले. घाबरले म्हणून वळले, म्हणून दोघं जिवंत आहोत. मी सरळ विचारलं, "सर, डोंगर कुणाच्या उजवीकडं होता?"

"अगं, हवेत एवढं कोण बघतं?"

हवेत नाही बघायचं तर काय उस्मानपुऱ्याच्या चौकात बघायचं?

थोड्या वेळानं त्यांना परत उडायचं होतं. उडण्याआधी वाऱ्यात ग्लायडरचा पंख स्थिर ठेवायला दोन्ही बाजूंच्या तारा धरणारे दोघं लागतात. म्हणाले, "ये, तार धर जरा."

"नाय धरणार. आधी चूक कबूल करा."

सर हसले. पण दुसऱ्या बाजूची तार धरलेल्या, क्लबमधल्याच रफीकनं पंख हळूच जमिनीवर टेकवला आणि तोही बाजूला झाला.